मार्चमध्ये नॉर्वेची क्रूझ, समुद्र खवळला तर? आई-बाबांना न्यावं का?

कोथरूडचा_काळजीवाहू

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आई-बाबांच्या लग्नाला मार्चमध्ये ४५ वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघा भावांनी मिळून नॉर्वेची क्रूझ ठरवली, नॉर्दर्न लाइट्स वगैरे. पैसे अर्धे भरून झालेत. बाबा ७२, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बीपीची गोळी चालू. आई ६८, ठणठणीत, पण तिला अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा बोट लागते.

सगळं छान चाललं होतं आणि परवा माझ्या मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. क्रूझच्या हॉलमध्ये खुर्च्या, कुंड्या, टेबलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरतायत, वरून छताचे तुकडे पडतायत आणि म्हातारी माणसं लाइफ जॅकेट घालून गप्प बसलीयत. खाली लिहिलंय नॉर्वे, मार्च महिना. म्हणजे अगदी आमचाच रूट आणि आमचाच महिना. आई म्हणते मी नाही येणार, तुम्ही लोणावळ्याला न्या. बाबा म्हणतात व्हिडिओ खोटा आहे, हल्ली एआयने काहीही बनवतात.

तर प्रश्न असे की हा प्रकार खरा आहे का, अशा लाटांनी एवढं मोठं जहाज उलटू शकतं का, आणि केबिन कुठली घ्यावी. आत्ता आमची केबिन सगळ्यात वर आणि एकदम पुढे आहे, एजंट म्हणाला व्ह्यू भारी मिळतो. कोणी स्वतः अनुभव घेतला असेल तर लिहा प्लीज, गुगल करून करून डोकं फिरलंय.

अर्धवट_अभियंता

व्हिडिओ खरा आहे, बाबांना सांगा. जहाजाचं नाव व्हायकिंग स्काय, तारीख २३ मार्च २०१९. वर १३७३ माणसं होती, ट्रॉम्सोहून स्टाव्हांगरकडे चाललं होतं आणि वाटेत हुस्टाडव्हिका नावाच्या पट्ट्यात वादळात सापडलं. हा पट्टा तिकडे बदनामच आहे, पाणी उथळ, खाली खडक आणि समोर उघडा समुद्र. पण गंमत अशी की जहाज लाटेने बंद पडलं नाही, इंजिन बंद पडलं ते तेलामुळे. वंगणाच्या टाक्यांमध्ये तेल होतं त्यापेक्षा जास्त असायला हवं होतं. जहाज डोलायला लागल्यावर ते कमी तेल इकडून तिकडे हेलकावलं, पंपाला हवा लागली, आणि तेलाचा दाब कमी झाला म्हणून इंजिनांनी स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं. आता बिनइंजिनाचं जहाज, वारा किनाऱ्याकडे. नांगर टाकले ते घसरत होते. खडकापासून साधारण एका जहाजाच्या लांबीवर असताना इंजिन परत चालू झालं. हेलिकॉप्टरने एकेकाला दोरीने उचलत रात्रभरात पावणेपाचशेच्या आसपास लोक काढले, बाकीचे जहाजातूनच दुसऱ्या दिवशी मोल्डे बंदरात पोचले. एकही माणूस मेलं नाही.

उलटायचं म्हणाल तर क्रूझचं जहाज दिसतं तसं डोईजड नसतं. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या सगळा जड माल तळाला असतो, वरचे मजले त्या मानाने हलके. लोळण घेऊन परत सरळ होणं हा त्याचा स्वभाव. शिवाय पाण्याखाली दोन्ही अंगाला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते आडवं डोलणं बरंच कमी करतात. पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर जाऊन खाली आपटते ना, त्यावर त्यांचा काही उपयोग नाही, आणि जहाज हळू चालत असेल तर ते डोलण्यावरही फारसं काम करत नाहीत. वादळात कॅप्टन वेग कमी करतो, म्हणजे नेमकं जेव्हा पाहिजे तेव्हाच ते सुस्त.

जायंट वेव्ह वगैरे जे यूट्यूबवर असतं त्याबद्दल एक सांगतो. खलाशी शेकडो वर्षं सांगत होते की मध्येच एक भिंतीसारखी लाट येते, आणि शास्त्रज्ञ त्याला खलाशांच्या थापा म्हणत होते. मग १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रात ड्राउपनर नावाच्या नॉर्वेच्या समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर लेझरच्या यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली. आजूबाजूच्या मोठ्या लाटा सरासरी १२ मीटर होत्या, म्हणजे ही दुपटीहून जास्त. आठ मजली बिल्डिंग धरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्वीन एलिझाबेथ २ या जहाजाला अटलांटिकमध्ये लुईस चक्रीवादळात साधारण २९ मीटरची लाट आली. कॅप्टनला वाटलं आपण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरच चाललोय. लाट समोरून अंगावर घेतली आणि जहाज पलीकडे निघालं. वेगवेगळ्या वेगाच्या लाटा एका जागी एकमेकींवर चढल्या किंवा जोरदार प्रवाह लाटांच्या उलट्या दिशेने आला की असं होतं, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला त्यासाठी प्रसिद्धी आहे.

अवांतर: आपल्याकडे दर पावसाळ्यात बातमी येते ना की आज दुपारी मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा उसळणार, ती भरतीची उंची असते हो, लाटेची नाही. समुद्र अगदी शांत असला तरी भरती साडेचार मीटर असू शकते. हे मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी तीच बातमी येते.

गॅलीतला_मालवणी

अभियंता साहेबांनी पुस्तकातलं सांगितलं, मी भांड्यातलं सांगतो. अकरा वर्षं क्रूझवर किचनमध्ये होतो, आता गावी आंब्याची कलमं बघतो.

जहाज उलटायची काळजी सोडून द्या. लाटेने माणूस पडतो, काळजी त्याची करा. मी असताना जेवढे पेशंट जहाजाच्या दवाखान्यात गेले त्यात निम्मे बाथरूममध्ये पडलेले आणि बाकी बोटं दारात सापडलेले. केबिनचं दार जड असतं, जहाज कललं की ते आपोआप धाडकन बंद होतं आणि माणूस सवयीने चौकट धरून उभा असतो. बाबांना हे पहिल्या दिवशी सांगा, आधार घ्यायचा तो कठड्याचा, चौकटीचा नाही. बाथरूमला उंबरठा असतो, रात्री झोपेत गुडघेवाल्या माणसाला तोच नडतो.

फ्रान्स-स्पेनजवळच्या बिस्केच्या उपसागरात एकदा आम्हाला दोन रात्री धुतला. दुपारी तीनला शेफला वरून फोन आला की हवामान बिघडणार. फ्रायर बंद, मोठी पातेली अर्धीच भरायची, सूप मेनूतून गेलं. प्लेटांच्या चवडीखाली ओले नॅपकिन घातले, ओल्या कपड्यावर प्लेट सरकत नाही. तरी रात्री साडेदहाला एक असा झोक आला की कपांचा आख्खा रॅक गेला, तो आवाज अजून कानात आहे. वर जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवून ठेवलेल्या. त्या पिशव्या दिसल्या की समजायचं कॅप्टनला काहीतरी माहीत आहे, तोंडाने तो फक्त थोडी हालचाल जाणवेल एवढंच बोलणार. स्विमिंग पूल रिकामा करतात, शो रद्द, बाहेरच्या डेकची दारं बंद. आणि एवढं सगळं होऊन सकाळी आठला ब्रेकफास्ट वेळेवर. खायला माणसं किती, तर वीस टक्केसुद्धा नाही, आणि ती वीस टक्के मात्र दुप्पट खातात.

झोपायची एक युक्ती. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवायचं, गादी भिंतीकडे कलते आणि माणूस घळीत झोपल्यासारखा झोपतो, गडगडत नाही. आम्ही क्रूवाले सगळे तेच करायचो.

केबिन बदला. सगळ्यात वर आणि एकदम पुढे म्हणजे झोपाळ्याच्या टोकाला बसल्यासारखं, त्यात नाळ पाण्यावर आपटते तो दणका थेट डोक्याखाली. मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे पोटातलं पाणी त्या मानाने कमी हलतं. एजंटला व्ह्यू बघायला जायचं नाहीये, तुम्हाला जायचंय.

बर्फाळ_ठाणेकर

आम्ही दोघं अंटार्क्टिकाला जाऊन आलो त्यामुळे ड्रेक पॅसेजबद्दल, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्राबद्दल, लिहू शकते. अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघालं की साधारण दोन दिवस फक्त पाणी, कुठेही जमीन आडवी नाही. जाताना एकदम तळं होतं, नवरा म्हणाला उगाच घाबरवतात. येताना त्याच माणसाने दीड दिवस बेडवरून मान उचलली नाही, बिस्किट आणि हिरवं सफरचंद यावर जगला. जहाजवाले स्वतःच हिरवी सफरचंदं वाटतात, का ते माहीत नाही पण बरं वाटतं खरं.

गोळीबद्दल महत्त्वाचं. बोट लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, उलटीत बाहेर पडते, आधी घ्यावी लागते. अ‍ॅव्होमिन आपल्याकडे मिळते, झोप येते तिने. पण बाबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय यातली कुठलीच गोळी देऊ नका, लघवी तुंबू शकते. कानामागे लावायचा पॅच असतो त्याचंही तेच.

आणि मालवणी दादांना एक शंका. खालची केबिन बरी हे मान्य, पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये व्हायकिंग पोलारिस उशुआयाला परत येताना लाट आदळून खालच्या केबिनच्या काचा फुटल्या होत्या ना? एक बाई गेली त्यात, चौघं जखमी झाले. आम्ही त्यानंतरच गेलो त्यामुळे आमच्या जहाजावर सगळे तेच बोलत होते.

गॅलीतला_मालवणी

ताई बरोबर बोललात. काच हाच कच्चा दुवा. २०१० च्या मार्चमध्ये भूमध्य समुद्रात लुई मॅजेस्टीवर पण तेच झालं. लाटा आठेक मीटरच्या, काही आभाळाला टेकलेल्या नव्हेत, पण पाचव्या डेकवरच्या लाउंजच्या काचा फोडून पाणी आत आलं, दोन माणसं गेली. बसायच्या मोठ्या हॉलमध्ये, काचेजवळ. म्हणून समुद्र खवळल्यावर त्या मोठ्या काचेला नाक लावून व्हिडिओ काढत बसू नये, आत कॉरिडॉरकडे किंवा आपल्या केबिनमध्ये बसावं. खालच्या केबिनच्या खिडकीला आतून लोखंडी झाकण असतं बऱ्याच जहाजांवर, क्रू येऊन बंद करतो, तेव्हा अंधार झाला म्हणून भांडायचं नाही. पॅसेंजर भांडतात हो, खोटं नाही सांगत.

रेवसकरीण

माझं सासर रेवस. वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि राहवेना म्हणून लिहिते. आमच्याकडे अजून आषाढी अमावास्या आली की जुनी माणसं रामदास बोटीचं नाव काढतात. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघाली रेवसला, गटारीला घरी जाणारी माणसं खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळाने गाठलं, मोठी लाट बसली, माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि बोट कलंडली ती सरळ झालीच नाही. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या सासऱ्यांचे काका त्यात होते. इकडच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात फेकून दिली आणि माणसं वर घेतली असं सांगतात, तेव्हा पापलेटचा मोसम सोडून दिला म्हणतात लोकांनी.

नॉर्वेच्या बोटीची आणि तिची तुलना नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट तीच आहे, बोट कलली की माणूस उठून दुसरीकडे धावायला बघतो. तुमच्या बाबांना सांगा जहाज हललं तर आहे तिथे बसायचं, गरज पडली तर खाली जमिनीवर बसायचं, लाज धरायची नाही.

अर्धवट_अभियंता

रेवसकरीण, +१. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी नावाची ब्रिटिश क्रूझ त्याच बिस्केमध्ये सापडली. पन्नाशीच्या पुढच्यांसाठीच्या टूर्स असतात त्यांच्या. वादळात जहाजाची सेफ्टी सिस्टीम चालू होऊन ते अचानक वळलं आणि थांबलं, हजारेक पॅसेंजरपैकी शंभराच्या आसपास जखमी झाले. जहाजाला काही झालं नाही. म्हणजे मालवणींचंच म्हणणं.

आणि धागाकर्त्यांसाठी, नॉर्वेचा किनारा बराचसा बेटांच्या आडून आहे. उघडे पट्टे मोजके, स्टाड, हुस्टाडव्हिका, फोल्डा, वेस्टफ्योर्ड. तेवढे तास सोडले तर पाणी फ्योर्डमधलं (डोंगरांमधल्या अरुंद खाड्या), तळ्यासारखं. आयटिनररीत हे पट्टे रात्री येतात की दिवसा ते विचारून घ्या. हवा वाईट असेल तर कॅप्टन बंदर गाळतो, त्याचे पैसे परत मिळत नाहीत सहसा, पण बंदर गाळणारा कॅप्टन भेटला तर त्याच्यावर चिडू नका. विमा काढताना जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवायचा खर्च त्यात धरलाय का ते बघा, तिकडचं दवाखान्याचं बिल बघून बीपी वाढतं.

कोथरूडचा_काळजीवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. एजंटशी भांडून केबिन बदलली, चौथा डेक, मधोमध, वर आठ हजार रुपये गेले. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, प्रोस्टेटचं खरंच आहे बाबांना, मला माहीतच नव्हतं, हे धाग्यामुळे घरात निघालं. ते वेगळंच महाभारत.

आईला रेवसकरीण यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, मला वाटलं आता तर ती अजिबात येणार नाही, तर ती म्हणाली जमिनीवर बसायचंच असेल तर मला जमतं, ह्यांनाच जमत नाही. येतेय म्हणाली. आता तिचा एकच प्रश्न राहिलाय, बोट लागली तर मऊभात हवा, त्यासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली आणि मेतकूट नेलं तर चालतं का?

गॅलीतला_मालवणी

किटली नेऊ नका, चढतानाच काढून घेतात, आगीची भीती. मेतकूट बंद पाकिटातलं न्या. भाताचं टेन्शन घेऊ नका, वेटरला पहिल्या रात्रीच सांगून ठेवा, किचनमध्ये एक तरी मालवणी नाहीतर गोयंकार असतोच.