एका इमारतीत दोन हायस्कुलं, बोळापलीकडं तिसरं : प्रयोगशाळा एकत्र चालवायची आहे, लेखी काय करावं?

विज्ञानबाई_पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी हायस्कुलात एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. शाळेचं नाव देत नाही. आमची इमारत दगडी, एका ट्रस्टची, आम्ही तिथं भाड्यानं. सकाळी त्याच इमारतीत कन्नड माध्यमाचं हायस्कूल भरतं, दुपारी आमचं. संस्था वेगवेगळ्या. ते बारा दहाला सुटतात, आम्ही साडेबाराला भरतो. मधल्या वीस मिनिटांत एका जिन्यावरून साडेतीनशे पोरं उतरतात आणि तेवढीच चढतात. बोळाच्या पलीकडं उर्दू हायस्कूल आहे. त्यांची इमारत स्वतःची, पण आमच्याहून अडचणीची. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे शिक्षकखोलीतलं एक कपाट.

इमारतीत बारा खोल्या. दोन ऑफिसं, दोन प्रयोगशाळा, म्हणजे वर्गांना उरल्या आठ. तुकड्या त्यांच्याही नऊ, आमच्याही नऊ. त्यामुळे दोन्ही पाळ्यांत एक तुकडी व्हरांड्यात शहाबादी फरशीवर बसते. आणि सकाळभर आमची प्रयोगशाळा कुलपात, दुपारभर त्यांची. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण बाहेर पोरं आणि आत कुलूप, हे दोन्ही एकत्र कधी मनात आलं नाही.

आलं ते गेल्या पावसाळ्यात. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर कोपऱ्यात. एका रात्री छताचा गिलावा माझ्या टेबलावर पडला. सकाळी कन्नड शाळेच्या शिपाईमामांनी दार उघडून पाहिलं आणि त्यांच्या हेडसरांना बोलावलं. मी पोचले तेव्हा सर स्वतः सूक्ष्मदर्शी पुसत बसले होते. म्हणाले, "बाई, खालची आमची खोली वापरा. किल्ली खिळ्याला असते." तेव्हापासून आमच्या दहावीचे प्रयोग खालीच होतात. विज्ञानाच्या शंभरातले वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते वीस गुण मी न केलेल्या प्रयोगांवर कधी दिले नाहीत, त्यामुळे ती किल्ली मिळाली नसती तर मला काय करावं सुचलं नसतं.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही तिन्ही शाळांची दहावीची मुलं एकत्र बसवली. शनिवारी दुपारी इमारत रिकामी असते. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं होतं. बालभारतीची पुस्तकं तिन्ही माध्यमांत एकाच अभ्यासक्रमाची, आकृती तीच, फक्त अक्षरं वेगळी. म्हणून मला वाटलं होतं अडचण येणार नाही. पण कन्नड शाळेतली एक मुलगी "मसूर" म्हणाली आणि आमची पोरं हसायला लागली. कन्नडमध्ये भिंगाला मसूरच म्हणतात. मग उर्दूच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्यात अदसा म्हणतात, आणि अदस म्हणजेही मसूर. इंग्रजीतला लेन्ससुद्धा लॅटिनमधल्या मसुरावरूनच आलेला. मी शिपाईमामांना किराणा दुकानात पिटाळलं आणि मूठभर अख्खे मसूर आणवले. पोरांनी दाणा बोटांत धरून दोन्ही बाजूंचे फुगवटे पाहिले. एकोणीस वर्षांत बहिर्वक्र हा शब्द मला इतका सोपा करून सांगता आला नव्हता. आणि तीन शाळांतल्या चारच भिंगांवर बेचाळीस मुलांनी रीडिंग घेतलं.

आता मुद्दा. कन्नड शाळेचे हेडसर येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. आज जे चाललंय ते सगळं त्यांच्या शब्दावर आणि खिळ्याच्या किल्लीवर. आमच्या सचिवांचं म्हणणं, तोंडी चालू द्या, लेखी केलं की अडकाल. सहकाऱ्यांची धास्ती वेगळी : प्रयोगशाळा एक झाली की उद्या शाळाही एक करा म्हणतील आणि आमच्यातले चार जण अतिरिक्त ठरतील. मला लेखीच हवंय. नवे हेडसर चांगलेच असतील, पण मागचं त्यांना कोण सांगणार?

विचारायचं ते असं. सामान दोन संस्थांच्या डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) आहे, ते एका खोलीत ठेवलं तर नोंदी कशा ठेवायच्या? फुटतूट कुणाच्या नावावर? मूल भाजलं, कापलं तर जबाबदारी कुणाची? आणि वरची खोली रिकामी झाली तर व्हरांड्यातली तुकडी तिथं बसवावी असा माझा बेत आहे. असं कुणी केलंय का?

निवृत्त_केंद्रप्रमुख_बार्शी

बाई, लेखी कराच. तोंडी व्यवस्था पहिल्या भांडणापर्यंत टिकते. मी दोन शाळांचं एक मैदान असं बुडालेलं पाहिलंय. कारण काय, तर क्रिकेटच्या स्टंपा कुणाच्या.

पण लिहिताना शब्द जपा. तुम्ही दोघंही भाडेकरू. "खोली दिली", "ताबा दिला" असलं काही लिहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करून घ्यायचं कारण ठरतं. ट्रस्टशी आज बरं असेल, उद्याचं सांगता येत नाही. "शैक्षणिक प्रात्यक्षिकांसाठी ठरलेल्या वेळेत सामाईक वापर, मोबदला नाही, ताबा पूर्ववत" एवढंच लिहा आणि ट्रस्टचं ना हरकत पत्र आधी घ्या.

कागद एकच पान ठेवा. आधी दोन्ही शाळा समित्यांचे ठराव, मग दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांचं पत्र, मुदत एका शैक्षणिक वर्षाची, दर जूनला नूतनीकरण. पत्रावर व्यक्तीचं नाव नको, पदनाम घाला, म्हणजे माणूस बदलला तरी पत्र चालू राहतं. प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं माहितीस्तव द्या आणि आवक क्रमांक घ्या. परवानगी मागत बसू नका, माहिती द्या.

डेडस्टॉक हलवू नका. ज्याचं सामान त्याच्याच रजिस्टरवर राहू द्या. वस्तूवर रंगाचा ठिपका मारा, तुमचा निळा, त्यांचा पिवळा. फुटतुटीसाठी तिसरी वही घाला, त्यात तारीख, वस्तू आणि तासाला हजर शिक्षकाची सही. ज्या शाळेचा तास, त्या शाळेची जबाबदारी. एकत्र तासाला प्रत्येक शाळेचा एक शिक्षक हजर पाहिजेच, तो नसेल तर त्या शाळेची मुलं बसणार नाहीत. ही अट पत्रात घाला.

सहकाऱ्यांना सांगा, शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांची संख्या, पटावर ठरते, भिंगांवर नाही. पट टिकला तर पद टिकतं. आणि जवळच्या शाळांनी साधनं वाटून घेण्याची कल्पना नवी नाही. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शाळा संकुल मांडलं होतं, २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं तेच पुन्हा घेतलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक सामाईक वापरावेत असं त्यात लिहिलंय. पत्राच्या सुरुवातीला तो संदर्भ द्या, वाचणारा साहेब शांत होतो.

दगडचुना

मी स्थापत्य अभियंता, जुन्या दगडी इमारतींचीच कामं करतो. बाई, तुमच्या शेवटच्या वाक्यानं मला बेचैन केलं. वरच्या त्या खोलीत सध्या एकही मूल बसवू नका.

तुमच्या वर्णनावरून छत लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी आणि वर चुन्याचा कोबा (ठोकून केलेला थर) असं असावं. आपल्याकडच्या त्या काळच्या कित्येक इमारती अशाच आहेत. कोबा तडकला की पाणी तुळईपर्यंत जातं. गंजलेलं लोखंड फुगतं, त्याला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि ते फरशी वर उचलतं. गिलावा पडणं ही वरवरची खूण, आजार वर तुळईत असतो. त्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे का, ते आज बघा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती मधोमध असेल तर काढून खालच्या भिंतीच्या रेषेवर घ्या. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टाक्या वाढत जातात, हे मला माहीत आहे, पण त्या चुन्याच्या छतावर नकोत.

अजून एक. डागडुजीला गवंडी आला की तो सिमेंट थापतो. चुन्यातल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा बाहेर पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत सगळा पापुद्रा सुटतो. चुन्याचं काम जाणणारा माणूस मागा.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं महापालिका कायद्यानुसार मालकाचं किंवा वापरणाऱ्याचं काम आहे. ट्रस्टकडं ना हरकत मागायला जाल तेव्हा तेही पत्र सोबत न्या, दोन्ही शाळांच्या सहीनं. दोन भाडेकरूंनी मिळून मागितलं की वजन पडतं.

आणि तो जिना. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. तिथंही एकाच इमारतीत एकाहून जास्त शाळा होत्या आणि जिना अरुंद होता. त्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये शाळा इमारतींच्या सुरक्षेचे आदेश दिले. तुमच्या वीस मिनिटांत चढणारी आणि उतरणारी पोरं जिन्यात समोरासमोर येता कामा नयेत. आधी सगळे खाली उतरू देत, मग घंटा, मग चढू देत. याला पैसा लागत नाही. प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे ते उत्तम. स्पिरिटचे दिवे आणि आम्लं तिथंच राहू देत, वर न्यायची नाहीत.

नववीची_आई

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी अशाच दुपारच्या शाळेत आहे, तुमच्या नव्हे. मी विड्या वळते. शनिवारी माल कारखान्यात द्यायला जाते तेव्हा धाकट्याजवळ तीच असते. शाळा सुटल्यावर दोन ते चार या वेळेत प्रयोग ठेवले तर तिला येता येणार नाही. आणि ज्या येत नाहीत त्या मुलीच असतील, हे बघा. प्रयोग शाळेच्या वेळेतच ठेवा.

विज्ञानबाई_पूर्वभाग

ताई, तुमचं वाचून मी डिसेंबरची हजेरी काढली. बेचाळीसपैकी मुली पंधरा. आमच्या तिन्ही दहावीत मुली निम्म्याहून जास्त आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मी त्या तासाचं कौतुक सांगत बसले होते. शनिवार दुपार रद्द. कन्नड शाळेचा शेवटचा तास आणि आमचा पहिला तास जोडायचा, त्यांची मुलं अर्धा तास थांबतील, आमची अर्धा तास लवकर येतील. उर्दू शाळेला बोळ ओलांडून यायचंय, त्यांच्या बाई म्हणतात शुक्रवार सोडून कधीही.

दगडचुना, टाकी आहे. वर, मधोमध. काल हेडसर आणि मी दोघं गच्चीवर गेलो. दोन्ही शाळांनी ती रिकामी केली आहे आणि खोलीला कुलूप लावलं आहे. व्हरांड्यातली तुकडी अजून व्हरांड्यातच आहे. याचं वाईट वाटतं, पण तुमचं पटलं.

सकाळची_पाळी_२००६

मॅडम, मी अशाच एका इमारतीतल्या कन्नड शाळेत शिकलो, आता होटगी रोडला गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. आमच्या बाकावर दुपारच्या शाळेतला कोण बसतो ते मला तीन वर्षं माहीत नव्हतं. मी बाकाच्या कप्प्यात कन्नडमध्ये गणित लिहून ठेवायचो, तो मराठीत उत्तर लिहायचा. कन्नड आकडे त्याला येत नव्हते तर त्यानं खाली विचारलं होतं, हा सात की नऊ बे? आमच्या सरांनी बाकावर लिहिलं म्हणून मला मारलं आणि ते तिथंच थांबलं.

तुम्ही मुलांना एकत्र बसवता हे वाचून फार बरं वाटलं. भिंतीवर एक तक्ता लावा, प्रत्येक वस्तूचं नाव तिन्ही भाषांत. कापडावर छापून मी देतो, पैसे नकोत. कन्नड मी तपासून देईन. उर्दू त्यांच्या बाईंकडून लिहून घ्या, छापताना नुक्ते (अक्षरांवरचे ठिपके) चुकतात.

निवृत्त_केंद्रप्रमुख_बार्शी

नववीच्या आईंचा मुद्दा पत्रातही घाला : "प्रात्यक्षिके शालेय वेळेतच." नाहीतर पुढचा माणूस पुन्हा शनिवारवर जाईल.

विज्ञानबाई_पूर्वभाग

घातलं. पत्राचा मसुदा तयार आहे, एक पान आणि वर तीन ओळी. आमच्या समितीची बैठक गुरुवारी, त्यांची सोमवारी. सचिव अजून नाराज आहेत, पण "मोबदला नाही, ताबा पूर्ववत" हे शब्द वाचल्यावर म्हणाले, आण, बघतो. ट्रस्टला तपासणीचं पत्र दोन्ही शाळांच्या सहीनं गेलं, पोच मिळाली. जिन्याची नवी घंटा सोमवारपासून सुरू झाली, पहिल्या दिवशी आठ मिनिटं जास्त लागली, आज तीन.

तक्त्यासाठी नावं गोळा करतेय. एकसष्ट झाली. परीक्षानळीला उर्दूत काय म्हणतात ते विचारायला बोळ ओलांडून गेले, तर त्यांच्या वर्गात पोरांच्या बाकावर मसूर दिसले. किल्लीच्या तीन प्रती करून घेतल्या आहेत, एक त्यांच्या बाईंना देऊन आले.