पॅच ‘ओला’ की ‘ओलसर’? ठासणीच्या रायफलीचे काही शब्द

प्रश्न

अमेरिकेतल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या रायफलींच्या नेमबाजीवरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणतो आहे. बंदूक, नळी, गज, चाप, घोडा, टोपी, दारू, रंजक हे सगळे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, त्यामुळे तिथे अडलं नाही. अडलं ते ‘पॅच’वर. कडक उन्हात पॅच ‘मॉइस्ट’ ठेवा, असं एक अख्खं प्रकरण आहे. शब्दकोश पॅचला ‘ठिगळ’ सुचवतो आणि मॉइस्टला ‘ओला, दमट’. ‘उन्हाळ्यात ठिगळे ओली ठेवावीत’ हे वाक्य वाचून नेमबाजाला काय करायचं ते कळणार नाही. काय लिहावं?

प्रतिसाद १

ठिगळ अजिबात नको. ठिगळ फाटक्यावर लागतं. इथे पॅच म्हणजे गोळीखाली धरायचा सुती कापडाचा गोल तुकडा. मी ‘चकती’ लिहीन.

मापं दिली की चकतीचं काम कळेल. अर्ध्या इंची, म्हणजे पन्नास कॅलिबरच्या रायफलीत नळीचा आतला व्यास ०.५०० इंच आणि शिशाची गोल गोळी सहसा ०.४९० इंचाची. म्हणजे गोळीच्या चहूबाजूंनी पाच हजारांश इंचाची फट राहते. चकतीचं कापड मात्र पंधरा हजारांश जाडीचं, फटीच्या तिप्पट. नळीत आतून पिळाचे चर कोरलेले असतात, तेच आटे; त्या आट्यांचे कंगोरे हे कापड दाबून पातळ करतात आणि उरलेलं कापड चरांत जाऊन बसतं. दहा हजारांश खोलीचा चर धरला तर तिथली फट बरोबर पंधरा हजारांश होते. गोळीला पीळ मिळतो तो या कापडातूनच, शिसं आट्यांना थेट भिडत नाही. इतकं घट्ट बसलेलं कापड कोरडं असेल तर गजाने खाली सरकवताना फाटतं, म्हणून त्याला ओलावा किंवा वंगण लागतं.

कापड शंभर टक्के सुती हवं, गादीपाटासारखं घट्ट विणीचं. टेरिकॉट मिसळलेलं असेल तर वितळून नळीला चिकटतं. नवं कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची, नाहीतर ते वंगण पीत नाही. पन्नास कॅलिबरला साधारण सव्वा इंच व्यासाची चकती पुरते.

प्रतिसाद २

‘चकती’ला अनुमोदन. ‘बोळा’ मात्र कुठेही येऊ देऊ नका. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांत दारूवर बोळा ठासतात, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. त्या नळीला आटे नसतात. बोळा दारू आणि छर्रे जागच्या जागी धरून ठेवतो, गोळीला पीळ देणं हे त्याचं काम नाही. ‘बोळा ओला करा’ असं छापलं तर तो वाचक ओला बोळा थेट दारूवर ठासेल आणि त्याचा फुसका बार होईल.

इंग्रजीत नळी पुसायच्या कापडालाही पॅचच म्हणतात. मराठीत दोन वस्तूंना दोन शब्द द्यावेत. गोळीखाली असते ती चकती, पुसायला वापरतो ती चिंधी. पुस्तिकेत दोन्ही एकाच परिच्छेदात येणार, तेव्हा हे आधीच ठरवलेलं बरं.

प्रतिसाद ३

‘गवसणी’ कशी वाटते? वीणेला, तलवारीला गवसणी असते तशी गोळीला.

प्रतिसाद १

शब्द सुंदर आहे, पण गवसणी पूर्ण झाकते. चकती गोळीचा खालचा अर्धा भाग आणि बगला धरते, माथा उघडा राहतो. शिवाय नळीबाहेर पडताच ती गोळीला सोडून थोड्या अंतरावर गळून पडते. ‘वेष्टण’लाही हीच हरकत.

प्रतिसाद ४

आता ‘मॉइस्ट’. हा शब्द सर्वांत जपून लावायला हवा, कारण ‘ओला’ म्हटलं की हातून वेगळीच कृती होते. मराठीत ओलाव्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत: चिंब, ओला, ओलसर, ओशट, कोरडा. ‘दमट’ बाजूला ठेवा. दमट म्हणजे नीट न वाळलेलं, त्यात दोष गृहीत आहे. इथला ओलावा आपण मुद्दाम आणि मोजून दिलेला असतो.

‘चिंब’ चकती गोळीखाली दाबली गेली की पाणी पिळून दारूत उतरतं. दारू सर्दावते. मग एकतर बार सुटत नाही, किंवा दारू पेटवणारी टोपी फुटल्यावर क्षणभर थांबून सुटतो, आणि सुटलाच तरी प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. लक्ष्यावर गोळ्या उभ्या रेषेत, एक वर एक खाली लागायला लागल्या तर इतर कारणांबरोबर चकत्यांच्या ओलाव्याकडेही पाहावं.

‘ओलसर’ची खूण अशी: चकती अंगठा आणि तर्जनीत दाबली की बोटं ओली दिसावीत, पण थेंब सुटू नये. थुंकीने चकती भिजवण्याची जुनी रीत आहे, तिलाही हेच माप. तोंडात पूर्ण भिजवायची, मग दोन बोटांतून ओढून निपटायची. ‘निपटणे’ हे क्रियापद पुस्तिकेत जरूर घाला, ‘पिळणे’ नको. पिळली की चकतीला सुरकुत्या पडतात आणि ती गोळीवर एकसारखी बसत नाही. थुंकीची चकती ठासली की लगेच बार काढायचा. तशीच ठेवली तर वर पाणी उडून जातं, खाली दारू ओल धरते आणि नळीत गंज चढू लागतो.

‘ओशट’ म्हणजे पाणी नाही, फक्त स्निग्धता. ही पायरी इंग्रजी शब्दात दडून राहते, आणि उन्हाळ्यात सर्वांत कामाची हीच.

प्रश्नकर्ता

ओशटबद्दल सविस्तर सांगाल का? पुस्तिकेत एका ठिकाणी चकत्या ‘कोरड्या’ वापरा असंही आहे. मला तो विरोधाभास वाटला.

प्रतिसाद ४

विरोधाभास नाही. ते ‘कोरडं’ म्हणजे पाण्याने कोरडं आणि तेलाने ओशट. पाण्यात मिसळणारं तेल घ्यायचं, बॅलिस्टॉल नावाचं बंदुकीचं तेल किंवा लेथवर वापरतात ते पांढरं होणारं कटिंग ऑइल. एक भाग तेल आणि सहा ते सात भाग पाणी हलवलं की दुधासारखं द्रावण होतं. कापड त्यात बुडवायचं, निपटायचं आणि सपाट पृष्ठभागावर आडवं वाळवायचं. दोरीवर टांगलं तर तेल खालच्या काठाला उतरतं आणि प्रत्येक चकतीत वेगळं प्रमाण येतं. पाणी उडून गेलं की धाग्याधाग्यात सारखं तेल राहतं. ॲरिझोनासारख्या कोरड्या रणरणत्या हवेत ही चकती बदलत नाही, कारण उडून जायला तिच्यात पाणीच नसतं.

उणेपणा एकच: आधीच्या बाराचं नळीत साचलेलं कीट ती मऊ करत नाही. त्यामुळे दर बारानंतर नळी पुसावी लागते.

प्रतिसाद ५

‘कीट’ शब्द चांगला सापडला. फाउलिंगला लोक ‘काजळी’ लिहितात, पण काजळी म्हणजे फक्त कोळशाचा अंश. काळ्या दारूत सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० असं प्रमाण असतं आणि जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हे क्षार आहेत. हवेत ओल असली की पोटॅशियम कार्बोनेट ती शोषून घेतं आणि कीट लोण्यासारखं मऊ राहतं. कोरडी हवा आणि तापलेली नळी एकत्र आली की तेच कीट भाजून खरपुडीसारखं कडक होतं, बहुधा गोळी जिथे टेकते त्याच्या आसपास कड्यासारखं.

म्हणून ‘उष्ण हवामान’ एवढंच लिहून भागणार नाही. इंडियानातल्या फ्रेंडशिपला, जिथे १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान आहे, तिथला उन्हाळा दमट असतो. ॲरिझोनाचा कोरडा. दोन्हीकडे तापमान सारखं असलं तरी कीट वेगळं वागतं. अनुवादात ‘कोरडा उन्हाळा’ आणि ‘दमट उन्हाळा’ असे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवा. दमट हा शब्द हवेला शोभतो, तिथे तो वापरा.

प्रतिसाद २

पुसण्याची कृती लिहिताना क्रियापद ‘घासणे’ नको, ‘पुसणे’च हवं. ओलसर चिंधी गजावर लावून एकदा तळापर्यंत सावकाश न्यायची, क्षणभर थांबायचं, वर काढायची, उलटून दुसऱ्या बाजूने तेच. मग एक कोरडी चिंधी. भात्यासारखा गज वरखाली केला तर सगळं कीट तळाशी लोटलं जातं आणि टोपीची ठिणगी जिथून आत येते तो कान बुजतो. पुढचा बार त्यामुळेच अडतो, आणि दोष बिचाऱ्या टोपीला मिळतो.

आणखी एक उपयोग: नळीत धुमसत राहिलेली ठिणगी या ओलसर चिंधीने विझते. तरीही दारू साठवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत. हे वाक्य ठळक अक्षरांत छापा.

प्रतिसाद ६

ज्यांना पुसणं टाळून ओलसर चकतीच वापरायची आहे, त्यांच्यासाठी ती ओलसर राहावी कशी हे लिहावं लागेल.

तेल-पाण्याच्या द्रावणात दर १०० मिलिलिटरला एक चमचा ग्लिसरीन घातलं की पाणी हळू उडतं. गाडीच्या काचेचं वॉशर द्रव काही जण वापरतात. त्यात अल्कोहोल असतं, ते उन्हात पाण्याच्याही आधी उडतं, आणि ते विषारी असल्यामुळे ती चकती तोंडात धरायची नाही. थंडीत ठीक, उन्हाळ्यात निरुपयोगी.

चकत्या घट्ट झाकणाच्या पसरट डबीत ठेवाव्यात. डबी सावलीत, आणि नेमबाजीच्या दिवशी मधूनमधून उलटी करायची. द्रव खाली उतरतो, त्यामुळे वरच्या चकत्या सुकतात आणि तळच्या चिंब होतात. सकाळी वरच्या चकत्यांवर गोळ्या नेमक्या लागतात आणि दुपारी तळच्यांवर पसरतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. कापडाची पट्टी नळीच्या तोंडावर धरून तिथेच कापणाऱ्यांनी पट्टी पिशवीला लटकवू नये. उन्हात आणि वाऱ्यावर ती काही मिनिटांत वाळते.

प्रतिसाद १

चरबी-मेणाच्या वंगणाचा उल्लेख राहिला. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, चरबी त्याच्या बरीच आधी. नुसती चरबी उन्हात पातळ होऊन दारूत झिरपते, म्हणून मेण घालून ती ‘धरवायची’. थंडीत एक भाग मेणाला चार भाग चरबी, कडक उन्हाळ्यात एकास दोन. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. मीठ घातलेली चरबी चालत नाही, मिठाने नळी गंजते. मोटारीचं ग्रीसही नको. काळ्या दारूबरोबर जळून त्याचं डांबर होतं आणि ते पाण्याने निघत नाही.

प्रतिसाद ३

म्हणजे १८५७ ची चरबीची काडतुसं ती हीच का?

प्रतिसाद ५

नातं आहे, वस्तू वेगळी. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीत कापडी चकती नव्हती. काडतुसाचा कागदच गोळीभोवती राहून नळीत जाई आणि वंगण त्या कागदाला लावलेलं असे. त्याआधीच्या बेकर रायफलीत मात्र वंगण लावलेली चकतीच होती आणि ती ठेवायला दस्त्यात पितळी झाकणाची डबी असे. त्या डबीला ‘चकतीची डबी’ म्हणता येईल. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला.

प्रश्नकर्ता

चकती, चिंधी, कीट, ओलसर, ओशट हे शब्द घेतले. चकती सुकल्याने गोळी मध्येच अडकली तर? मूळ वाक्यात ‘अडकलेली गोळी’ एवढंच आहे.

प्रतिसाद ४

‘अर्ध्यात अडकलेली गोळी’ असं लिहा. गोळी दारूवर टेकलेली नसेल तर बार काढायचाच नाही, नळी फुगते किंवा फुटते. यासाठी गजावर दोन खुणा असाव्यात, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर आधी टोपी काढायची, तोंड सुरक्षित दिशेला धरायचं आणि नळीच्या तोंडासमोर अंग न आणता गोळी काढायच्या स्क्रूने ती ओढून घ्यायची.

प्रतिसाद ६

गळून पडलेल्या चकत्या वेचून वाचायच्या असतात, तोही परिच्छेद घ्या. दहा-पंधरा पावलांवर सापडतात, पण मैदान थांबवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मधे काळा गोल आणि काठ एकसारखे विसकटलेले असतील तर ओलावा आणि जाडी बरोबर. मधेच जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. गोळीच्या कडेच्या रेषेवर चिरा असतील तर ओलाव्याचा दोष नाही, नळीच्या तोंडाची धार किंवा आट्यांचे कंगोरे कापड कापताहेत. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात पडलेली चकती धुमसत राहू शकते, कोरडी असेल तर नक्कीच जास्त. त्या वाक्यात ‘वेचा’च्या आधी ‘विझवा’ लिहा, आणि जवळ पाण्याची बादली ठेवायला सांगा.