मदत हवी आहे: लाटांसाठी सप बोर्ड (उभं राहून वल्हवायचा बोर्ड) १४० लिटर घ्यावा की ११५?

नमस्कार मंडळी, मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. वजन ८२ किलो, उंची पाच फूट नऊ इंच. सध्या साडेदहा फुटी, ३२ इंच रुंद हवेचा बोर्ड वापरतो. सपाट पाण्यावर तो झकास, पण लाटेवर वळता वळत नाही. म्हणून आता लाटांसाठीच फायबरचा टणक बोर्ड घ्यायचाय.

दोन पर्याय आहेत: ९ फूट बाय ३१ इंच, १४० लिटर; आणि साडेआठ फूट बाय ३० इंच, ११५ लिटर. समुद्राच्या पाण्यात एक लिटर साधारण एक किलो पेलतो. मी, ओला वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि बोर्ड मिळून ९५ किलोच्या आसपास होतात. म्हणजे ११५ लिटरचा बुडणार नाही, पण लाटेची वाट बघत उभं राहताना डगमगेल का? मी जातो त्या किनाऱ्यावर दुपारी वारा सुटला की पाणी फार खवळतं, माझी खरी काळजी तीच.

बहुतेक वेळा सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्यावर जातो, तिथल्या लाटा संथ आणि लांब. अशा लाटांना लांबी जास्त कामाची की कमी लिटर? स्थैर्य रुंदीतून येतं की जाडीतून? ८०-८५ किलोच्या कुणी असा बदल केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.