मदत हवी आहे: केनियातून नोव्हेंबरमध्ये परत येतेय, मुलांना कसं आणि कधी सांगू? आणि कोल्हापुरात पुढे काय?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, उत्तरेश्वर पेठेतली. डी.एड. झालंय, घराजवळच्या एका शाळेत शिकवत होते, ते सोडून या जानेवारीत केनियाला आले. किसुमू शहरापासून आत, मुहोरोनीकडे एका छोट्या संस्थेच्या सेंटरवर व्हॉलंटियर म्हणून शिकवते. शाळा सुटली की मुलं येतात, सात ते अकरा वयाची, वाचन आणि गणित घेतो. गट वयाप्रमाणे नाही तर ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे 'प्रथम' या संस्थेनं रुजवलेली पद्धत, ती इथं पण छान चालते. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपतं, त्यामुळे माझं कामही तेव्हाच संपणार, तिकीट नोव्हेंबर अखेरचं आहे.

आता मुद्दा. मुलांना अजून सांगितलेलं नाही. सेंटरवरच्या स्थानिक शिक्षिका म्हणतात शेवटच्या आठवड्यात सांग, आधी सांगितलंस तर मुलं रडत बसतील आणि अभ्यास होणार नाही. मला ते पटत नाही. माझ्या आधी एक व्हॉलंटियर होती, ती अशीच अचानक गेली, मुलं अजून तिचं नाव काढतात. एका पोरानं तर मी आले त्या पहिल्याच दिवशी मला काय विचारलं असेल, तर "तू कधी जाणार?" आठ वर्षांचं पोर आहे हो. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. माणसं येतात नि जातात हे त्या पोरानं गृहीतच धरलंय आणि त्यात आता माझी भर पडणार.

हे कुणी विचारायच्या आधीच सांगते, हे अनाथालय नाही, अनाथालय मी मुद्दामच टाळलं. अनाथालयांमध्ये परदेशी लोक थोडे दिवस येऊन लळा लावून जातात त्याबद्दल युनिसेफ आणि बऱ्याच संस्था कित्येक वर्षं बोलतायत, तिथल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील असतात पण पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीचाच एक प्रकार म्हणून गणलं. आमच्या सेंटरची मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आई असते नाहीतर आजी असते. तरीपण लळा लागायचा तो लागतोच, दोन्हीकडून.

एक मुलगी आहे, तिच्या आजीकडे फोन आहे आणि ती माझा नंबर मागते. द्यावा का? आणि "परत येशील?" याला काय उत्तर देऊ? येईन म्हणावंसं फार वाटतं पण खात्री नसताना कसं म्हणू. सरकारी प्राथमिक शाळेत २००३ पासून फी नाही, पण गणवेश, वह्या, बूट हा खर्च घरच्यांवरच असतो, तो मी एकीचा पाठवला तर बाकीच्यांचं काय हेही कळत नाही.

दुसरं तब्येतीचं. यलो फीव्हरची लस येतानाच घेतलेली, ते पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवलंय कारण इथून भारतात उतरताना ते बघतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात (२०१६ पासून ती लस आयुष्यभर चालते, ज्यांना यायचंय त्यांनी निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या). पण मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावर पण चालू ठेवायच्या का, आणि आम्ही मुलांसोबत व्हिक्टोरिया तळ्यावर, डुंगाला वगैरे जायचो, पाण्यात उतरायचो, तर काही तपासणी करावी का? कोल्हापुरात कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. मुहोरोनी, चेमेलिल, मिवानी हा सगळा उसाचा पट्टा आहे. पहिल्या दिवशी गाडीतून दोन्ही बाजूला ऊस बघितला आणि शिरोळला चाललोय असंच वाटलं. पण इथं ऊस जवळजवळ वर्षभर तुटतो आणि आमच्या मुलांच्या घरचे जे तोडायला जातात ते आसपासचेच आहेत, त्यामुळे मूल वर्षभर एकाच शाळेत राहतं. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि पोरं शाळा अर्धवट टाकून पाठोपाठ कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर येतात नि हंगाम संपला की परत जातात. लहानपणापासून ट्रॅक्टरवर बसलेली ती पोरं बघितलीत मी, पण ती कुठल्या शाळेत जातात हे कधी मनात पण आलं नव्हतं. मी उतरणार तेव्हा गाळप नुकतंच सुरू झालेलं असेल. मला त्या मुलांसोबत काम करायचंय. कुठून सुरुवात करू? आई म्हणते आधी लग्नाचं बघू, तिचं पण बरोबर आहे तिच्या जागी, पण हंगाम काय माझ्यासाठी थांबणार नाही.

प्रतिसाद: कागलची बाई

बाळ, मी साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यावर चालणाऱ्या शाळेत शिकवलंय बरीच वर्षं, म्हणून लिहितेय. आत्ताच सांग मुलांना. आमची मुलं दर वर्षी मार्च-एप्रिलला जायची, तेव्हा आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावून रोज एक घर खोडायचो. रडतात, पण तुझ्यासमोर रडतात हे चांगलं ना. तुझ्यानंतर कोण शिकवणार ती व्यक्ती शेवटचा महिनाभर तुझ्यासोबत वर्गात असू दे, हळूहळू तिनं शिकवायचं आणि तू मागं बसायचं. परत येईन असं अजिबात म्हणू नकोस. "माहीत नाही, पण तुझी आठवण येईल" एवढं खरं आहे ना, तेवढंच म्हण. नंबर एकीला देऊ नको, पत्र किंवा व्हॉइस मेसेज सगळ्यांना मिळून, सेंटरच्या फोनवर. पैशाचं पण तसंच, सेंटरला दे, ते वाटतील.

साखरशाळा आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव घालायचं असतं, मुलाकडे गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड असेल तर सोपं जातं, नसेल तरी शाळेनं नाही म्हणता कामा नये, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं तो हक्क दिलाय. अडतं कुठं तर फडापासून, म्हणजे ऊसतोडीच्या शेतापासून शाळेपर्यंत न्यायला कुणी नसतं आणि मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला कोपीवर थांबते. तिथं माणूस लागतो. कोल्हापूरच्या 'अवनि' संस्थेच्या लोकांना भेट, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी त्यांनी खूप काम केलंय.

प्रतिसाद: एमडी मेडिसिन, राजारामपुरी

गोळी कुठली आहे त्यावर आहे. डॉक्सिसायक्लिन असेल तर परत आल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ७ दिवस. पुढचे काही महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि "आफ्रिकेतून आले" हे पहिलं वाक्य असू दे, तिकडचा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया फार वेगानं वाढतो. तळ्याच्या पाण्यात उतरलात म्हणजे बिल्हार्झिया या परजीवी किड्यामुळे होणाऱ्या आजाराची तपासणी करा. तो किडा गोगलगायीतून पाण्यात येतो आणि कातडीतून आत शिरतो, पाणी प्यावं लागत नाही. त्रास नसला तरी करा. शेवटचं पाण्यात उतरल्यावर दीड-दोन महिन्यांनी, आधी केली तर सापडत नाही. भारतात हा आजार जवळपास नसल्यामुळे इथल्या डॉक्टरच्या पटकन लक्षात येणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल. औषध प्राझिक्वांटेल, सोपं आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद वाचून आज सांगितलंच मुलांना. दोघी रडल्या, आणि तो आठ वर्षांचा काही बोलला नाही, त्यानं फक्त विचारलं की वाचनाचा तास कोण घेणार. सोमवारपासून स्थानिक शिक्षिका माझ्यासोबत वर्गात बसणार आहेत, त्यांना पण आता पटलंय. कॅलेंडर उद्या लावते.

माझी गोळी डॉक्सिसायक्लिनच आहे, ४ आठवड्यांच्या जादा गोळ्या इथूनच घेऊन येते.

अजून एक विचारायचं राहिलं. जुन्या शाळेनं मला आल्यावर मुलांसमोर फोटो दाखवून बोल म्हणून सांगितलंय. इथल्या मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत एवढं ठरवलंय, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही आणि "बिचारी आफ्रिकेतली पोरं" असं कुणी म्हणावं हे मला नकोय. शेताचे, वर्गाच्या फळ्याचे, त्यांनी काढलेल्या चित्रांचे फोटो चालतील का? कुणी असं बोललं असेल तर कशावर बोलला ते सांगा. आणि शिरोळ किंवा कागल भागात डिसेंबरपासून फडावर जाणारं कुणी असेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे स्कूटर आहे, सकाळचा वेळ पूर्ण मोकळा आहे.