मायटर : सुताराचा कोपरा आणि बिशपची टोपी

भाऊ, तुम्ही विचारलं ना की मायटर सॉ, म्हणजे तिरपा काप घेणारी करवत, तिच्यातला मायटर आणि बिशप लोक घालतात ती उंच टोपी, तिलाही मायटरच म्हणतात, तर हे एकच का? टोपीचं नाव ग्रीक ‘मित्रा’ या शब्दावरून, म्हणजे डोक्याला बांधायचा पट्टा. टोपी समोरून बघा, दोन तिरप्या कडा वर टोकाला भेटतात, चौकटीच्या कोपऱ्यातही तेच, म्हणून अशा तिरप्या कापांच्या जोडाला बहुतेक टोपीचंच नाव पडलं असावं.

आमचे काका धरणगावला सुतारकाम करायचे, तसबिरीच्या पट्ट्या 45 अंशात कापून जुळवायचे, काटकोन तपासायला गुण्या लावायचे आणि मग कोपरा उजेडाकडे धरायचे, रेघभर उजेड दिसला की परत रंधा. चार कोपऱ्यांचे 8 काप, प्रत्येकात अर्धा अंश एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात 4 अंशांची फट, ती फेविकॉलने भरून निघत नाही हो. पण जमला तर लाकडाचं कापलेलं तोंड कुठंच दिसत नाही, फार देखणा जोड आहे हा!

आणि हृदयातली मायट्रल झडप आहे ना, दोन पाळ्यांची, तिचं नावही याच टोपीवरून.