मदत हवी आहे: शोधनिबंध (पेपर) छापून यायच्या आधी गावाला पाण्याचे आकडे सांगावेत का?

रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या हातपंपांचं आणि विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. शाळेजवळच्या हातपंपाला दोन्ही वेळा ४ च्या आसपास आलं. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतातच.

सरपंचबाई भेटल्या की विचारतात, "ताई, पाण्याचं काय निघालं जी?" गाइड म्हणतात, पेपर स्वीकारला जाईपर्यंत कुठं बोलू नकोस, आधी बाहेर आलं तर जर्नल नाकारेल. सर वाईट नाहीत, फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड त्यांनी पदरच्या पैशांनी आणून दिला. पण जर्नलच्या तपासणीत (रिव्ह्यूत) सहा-आठ महिने सहज जातात. तोवर पोरं तेच पाणी पिणार.

नियम नक्की काय आहे? आणि सांगायचं तर कुणाला?

(जाता जाता: विभागप्रमुखांचं नाव लेखकांत घाल असा निरोप आलाय. त्यांनी नमुन्याची बाटलीसुद्धा पाहिलेली नाही.)

जुनाखडू: हा धाक १९६९ पासूनचा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी ठरवलं, आधी दुसरीकडे आलेलं आम्ही छापणार नाही. बाकीच्यांनी ते उचललं. पण वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिच्या शिफारशींतच अपवाद आहे: लोकांच्या आरोग्याचा प्रश्न असेल तर माहिती अडवून ठेवू नये आणि त्यापायी पेपरही नाकारू नये. २०१६ मध्ये झिकाच्या वेळी मोठमोठ्या जर्नलांनी तसं जाहीर केलं होतं. तुमचं जर्नल रसायनाचं, त्याला हे बंधनकारक असेलच असं नाही. म्हणून संपादकांना आधी मेल करा. जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक सर असतील तर मेल त्यांच्याकडूनच जाऊ द्या, आणि उत्तर जपून ठेवा.

बीकरवाली: ग्रामसभा नंतर, आधी आकडा पक्का करा. टिसॅब (इलेक्ट्रोडनं मोजण्याआधी नमुन्यात घालायचं द्रावण) घातलं होतं ना? पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असेल तर त्याशिवाय रीडिंग कमी येतं. त्याच पंपाचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत (काचेच्या नको) भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. त्यांचा रिपोर्ट हाती असला की ग्रामपंचायतीला पुढे हलता येतं, आणि सगळा भार तुमच्या एकटीच्या शब्दावर राहत नाही. आणि हो, "उकळून प्या" असं कुणी सांगत असेल तर थांबवा. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटून प्रमाण उलट वाढतं.

जुनाखडू: विभागप्रमुखांचं राहिलं. कामात खरा वाटा, मसुद्यावर काम, अंतिम प्रतीला मान्यता, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर जबाबदारी. चारही हवेत, तर लेखक. प्रयोगशाळा वापरू दिली असेल तर आभारात नाव घाला. पण हे सरांना बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

धागाकर्ती: टिसॅब घातलं होतं. सरांना मेलचा मसुदा दाखवला. "यंत्रणेला दे, वर्तमानपत्रवाल्यांना नको" इथवर आलेत. रिपोर्ट येईपर्यंत सरपंचबाईंना काय सांगू?

बीकरवाली: तुमच्या तक्त्यात फ्लोराइड १ च्या खाली असलेली विहीर असेल ना? शाळेचं पाणी तिथून भरायला सांगा. त्यासाठी पेपर लागत नाही.

धागाकर्ती: आहे, देवळामागची. भोवती गोठे आहेत, तेव्हा नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का ते आधी बघते. उद्याच नमुना आणते.