मदत हवी आहे: बीकन विझायच्या आधीच बेल्ट लोडर पुढे घुसतात

मी विमानतळावर रॅम्प सुपरवायझर आहे, रात्रपाळी, बहुतेक ए३२० विमानं. विमान बे वर (उभं राहायच्या ठरलेल्या जागी) थांबतं, पण इंजिनं अजून फिरत असतात, पोटाखालचा लाल बीकन (इंजिन चालू असल्याचा इशारा देणारा दिवा) लुकलुकत असतो, चॉक (चाकांना लावायच्या अडणी) लागलेले नसतात आणि तेवढ्यात बेल्ट लोडर, म्हणजे सामान चढवायच्या पट्ट्याच्या गाड्या, सुरक्षेची लाल रेषा ओलांडून पुढे! विमान अर्ध्या तासात परत सोडायचं असतं, घाई समजते. पण चालू इंजिन माणसाला आत ओढतं, इथे तडजोड नाहीच.

पाळीआधी रोज ब्रीफिंग घेतो, मेमोही दिले. मेमोने उलटंच झालं, मुलं गप्प राहायला लागली. परवा कार्गो दाराच्या कडेला बंपर घासल्याची काळी रेघ मलाच टॉर्चच्या उजेडात दिसली, कोणी बोललं नव्हतं. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

माणसं वाढणार नाहीत, नवी यंत्रंही नाहीत. निम्मी मुलं कंत्राटी, सारखी बदलतात.

चॉक लावणाऱ्याने अंगठा दाखवल्याशिवाय एकही गाडी हलवायची नाही, अशी पद्धत कुणी राबवली आहे का? पावसात, अंधारात तो इशारा लांबच्या ड्रायव्हरला कसा दिसतो? आणि घासलं तर मुलांनी लगेच येऊन सांगावं, यासाठी तुमच्याकडे नेमकं काय केलं?